रिस्क-फाइव्ह डेस्कटॉपवर डेबियन १३ बसवतोय, स्क्रीन काळीच. मदत हवी

उंडगा_नाशिक (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार,

घरात लिनक्स बऱ्याच वर्षांपासून आहे, इंटेलवर आणि रास्पबेरी पायवरही. यंदा रिस्क-फाइव्हची, म्हणजे इंटेल-एआरएमहून वेगळ्या, खुल्या सूचनासंचाच्या प्रोसेसरची हौस केली. हौसेला मोल नसतं, पण कस्टम ड्यूटी असते हे पार्सल दारात आल्यावर कळलं. असो.

सामान असं: स्टारफाइव्हचा व्हिजनफाइव्ह २ बोर्ड, ८ जीबी रॅमवाला. चिप जेएच७११०, त्यात यू७४ जातीचे चार कोर, १.५ गिगाहर्ट्झ. बोर्डाच्या खालच्या बाजूला एम.२ ची खाच आहे, तिथे २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी लावली. एका जुन्या कॅबिनेटमध्ये पितळी स्टँडऑफवर सगळं बसवलं, मॉनिटर एचडीएमआयवर. दिसायला अगदी डेस्कटॉप.

उत्पादकाची स्वतःची डेबियन इमेज एसडी कार्डावर टाकून सुरू केली तर डेस्कटॉप आला. आवाज, नेट, सगळं ठीक. पण तिचं कर्नल ५.१५ आणि पॅकेजं कुठल्याशा तारखेला गोठवलेल्या स्नॅपशॉटमधली. अपग्रेड मारायला हात धजत नाही. मला साधं, अधिकृत डेबियन १३ हवंय. ऑगस्ट २०२५ मध्ये ते आलं, तेव्हापासून ६४ बिट रिस्क-फाइव्ह हे स्थिर आवृत्तीतलं अधिकृत आर्किटेक्चर आहे. मग सरळ बसायला हवं ना?

नेटइन्स्टची (बाकीचं नेटवरून ओढणाऱ्या छोट्या इंस्टॉलरची) आयएसओ उतरवली, कार्डावर लिहिली, कार्ड घातलं, पॉवर दिली. मॉनिटर म्हणतो 'नो सिग्नल'. बोर्डावरचा दिवा लागतो, नेटवर्क पोर्टचे दिवे लुकलुकतात, पडद्यावर मात्र ढिम्म. केबल बदलली, मॉनिटर बदलला, हॉलमधला टीव्हीसुद्धा लावून पाहिला. उत्पादकाचं कार्ड परत घातलं की डेस्कटॉप हजर!

जाणकारांनी प्रकाश टाकावा. नेमकं अडतंय कुठे? कार्डाशिवाय थेट एनव्हीएमईवरून सुरू करता येईल का? आणि रोजच्या वापराला हे यंत्र कितपत झेपेल?

कमांडी देवनागरीतच लिहा ही विनंती. मागच्या धाग्यात रोमनमधला कोड एडिटरने गिळला होता.


तर्रीबाज

वाचतोय. आमच्याकडे विंडोज ७ चं मशीन अजून धडधाकट आहे, आणि इथे पडद्यावर काहीच येत नाही त्याचा धागा निघतोय. हलके घ्या.


मिनिक्स_मावशी

@उंडगा, बोर्ड ठणठणीत आहे. उत्पादकाच्या कार्डावर चालतोय म्हणजे हार्डवेअरचा प्रश्नच नाही. मॉनिटर-केबल बदलणं थांबवा.

पीसीवर एक सवय लागलेली असते: पॉवर दिली की बायॉस पडद्यावर काही ना काही दाखवतंच. इथे ते गृहीत धरायचं नाही. या बोर्डांवर पहिला संवाद सिरियल पोर्टवर होतो. एचडीएमआय कोणीतरी ड्रायव्हर लोड केल्यावर जागी होते, तोवर नाही.

क्रम समजून घ्या, पुढचं सोपं जाईल. पॉवर आली की चिपमधला रॉम बोर्डावरच्या दोन चिमुकल्या स्विचांकडे बघतो आणि पुढचा तुकडा कुठून उचलायचा ते ठरवतो: एसपीआय फ्लॅश (बोर्डावरची छोटी कायमची मेमरी), एसडी कार्ड, ईएमएमसी किंवा यूएआरटी (म्हणजे सिरियल पोर्ट). तिथून एसपीएल नावाचा छोटा प्रोग्राम येतो, तो रॅम चालू करतो. मग ओपनएसबीआय हे फर्मवेअर. हा मशीन मोडमध्ये, म्हणजे सर्वोच्च अधिकाराच्या पातळीवर, ठाण मांडून बसतो, तो शेवटपर्यंत. कर्नलला एखादा कोर चालू-बंद करायचा असला, रीबूट करायचं असलं की यालाच सांगावं लागतं. मग पूर्ण यू-बूट (बोर्डाचा बूटलोडर), मग ग्रब (कुठलं कर्नल सुरू करायचं त्याचा मेनू), आणि सगळ्यात शेवटी कर्नल.

या सगळ्यांच्या हातून एक फाइल पुढे सरकत असते, डिव्हाइस ट्री. ती म्हणजे बोर्डाचा सातबारा समजा. कुठल्या पत्त्यावर कोणतं उपकरण, त्याचा क्लॉक कोणाकडून येतो, इंटरप्ट कुठला, सगळी नोंद त्यात. पीसीवर कर्नलला हे एसीपीआय या फर्मवेअरच्या तक्त्यांमधून कळतं, पीसीआय बसवर विचारूनही कळतं. इथे सातबाऱ्यावर नोंद नसेल तर कर्नलच्या लेखी ते उपकरण अस्तित्वातच नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. डेबियन १३ चं कर्नल ६.१२ आहे. जेएच७११० साठीचा एचडीएमआयचा ड्रायव्हर त्या मेनलाइन, म्हणजे मूळ प्रकल्पाच्या, कर्नलात नाही. उत्पादकाच्या ५.१५ मध्ये आहे, कारण ते त्यांचं स्वतःचं, भरपूर पॅच मारलेलं कर्नल आहे. म्हणजे डेबियनचा इंस्टॉलर अगदी नीट सुरू झाला तरी तुमचा मॉनिटर काळाच राहणार. तो सुरू झालाय की त्याच्या आधीच कुठेतरी गाडं अडलंय, हे पडद्यावरून कळायला मार्ग नाही. पोर्टच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांवर जाऊ नका, लिंक जोडायला तिथली फाय चिप एकटी पुरते.

यूएसबी-टीटीएल सिरियल केबल घ्या. सीपी२१०२ किंवा सीएच३४०, कुठलीही चालेल, पण सिग्नल ३.३ व्होल्टचा हवा. ४० पिनांच्या हेडरवर ६ नंबरला ग्राउंड, ८ ला बोर्डाचा टीएक्स, १० ला आरएक्स. केबलचा आरएक्स ८ वर, केबलचा टीएक्स १० वर, म्हणजे उलटसुलट. चौथी, पॉवरची लाल वायर लोंबकळत ठेवा, कुठेही लावायची नाही. दुसऱ्या मशीनवर पिकोकॉम किंवा मिनीकॉम, वेग ११५२००. परवानगी नाकारली तर स्वतःला डायलआउट गटात घाला आणि लॉगआउट करून परत या.

पॉवर देण्याआधीच पिकोकॉम उघडून ठेवा, आणि पहिल्या ओळीपासून जे येईल ते इथे लिहा.


लोकल_स्लो

वाचनखूण साठवली. सातबारा आवडला. फेरफार कोण घालतं मग? ;)


मिनिक्स_मावशी

@लोकल_स्लो, यू-बूट घालतो. रॅम किती, बोर्डाची कुठली आवृत्ती, नेटवर्कचा मॅक पत्ता कोणता, हे तो आयत्या वेळी भरतो. विनोदाने विचारलंत, पण प्रश्न बरोबर आहे. व्हिजनफाइव्ह २ च्या १.२ए आणि १.३बी अशा दोन आवृत्त्या आहेत. १.२ए वर एक नेटवर्क पोर्ट १०० मेगाबिटचा, १.३बी वर दोन्ही गिगाबिट. डिव्हाइस ट्री चुकीच्या आवृत्तीचा गेला की पोर्ट गप्प बसतो आणि माणूस राउटर बदलत बसतो. नवं यू-बूट बोर्डावरच्या ईईप्रॉममधून आवृत्ती वाचतं आणि योग्य तो निवडतं.


उंडगा_नाशिक

मावशी, केबल आली. पुण्याचा मित्र शनिवारी नाशिकला येणार होता, त्याला तपकीर गल्लीतून आणायला सांगितली.

लावली आणि काय सांगू, भडाभडा ओळी आल्या! पहिली ओळ यू-बूट एसपीएल २०२१.१०. मग ओपनएसबीआयचं ते अक्षरांनी रंगवलेलं मोठं नाव, खाली चार कोरांची माहिती. मग परत यू-बूट २०२१.१०, दोन सेकंदांची उलटी मोजणी, एसडी कार्डाच्या तिसऱ्या पार्टिशनवर कुठलीशी फाइल शोधली, सापडली नाही म्हणाला, आणि 'स्टारफाइव्ह #' असा प्रॉम्प्ट देऊन थांबला. इंस्टॉलरचा पत्ताच नाही.


मिनिक्स_मावशी

मग कर्नलपर्यंत प्रकरण गेलंच नव्हतं. अडचणी दोन आहेत, एकीमागे एक, आणि पडद्यावर दोन्ही सारख्याच काळ्या.

पहिली: तुमच्या एसपीआय फ्लॅशमध्ये कारखान्यातून आलेलं जुनं यू-बूट आहे. त्याला फक्त उत्पादकाच्या इमेजची मांडणी ठाऊक आहे, म्हणून ते तिसरं पार्टिशन धुंडाळतंय. डेबियनची आयएसओ ईएफआय, म्हणजे हल्लीच्या पीसीच्या फर्मवेअर पद्धतीने, सुरू होते. तिच्यात ईएफआय फोल्डर, आत बूट फोल्डर, आत बूटरिस्कव्ही६४.ईएफआय नावाची फाइल असते. हल्लीचं मेनलाइन यू-बूट ती आपणहून शोधतं. तेव्हा आधी फर्मवेअर अद्ययावत करा, इंस्टॉलर मागाहून.

मेनलाइन यू-बूट स्वतः बिल्ड करायचं असेल तर व्हिजनफाइव्ह २ चं डेफकॉन्फिग, म्हणजे बिल्डच्या सेटिंगची फाइल, त्यात तयार आहे. आधी ओपनएसबीआयची 'जेनेरिक' बिल्ड करायची, तिच्यातली एफडब्ल्यू-डायनॅमिक फाइल यू-बूटच्या मेकला दाखवायची. हाती दोन फाइली येतात: एसपीएलची, जिच्या नावाच्या शेवटी 'नॉर्मल.आउट' असतं, आणि यू-बूट.आयटीबी. इंटेल लॅपटॉपवर क्रॉस-कंपायलरने हे काम चहा होईतो उरकतं.

फ्लॅश करायला उत्पादकाचं कार्ड घाला, त्या लिनक्समध्ये एमटीडी-युटिल्स बसवा आणि फ्लॅशसीपी वापरा. इथे एक जागा सांभाळा. इंटरनेटवरच्या निम्म्या लेखांत 'यू-बूट एमटीडी१ वर लिहा' असं आहे, निम्म्यांत एमटीडी२. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत! उत्पादकाच्या कर्नलात फ्लॅशचे कप्पे एसपीएल, यू-बूट, डेटा असे आहेत. मेनलाइनमध्ये एसपीएल आणि यू-बूटच्या मध्ये एन्व्हायर्नमेंटचा कप्पा आला, म्हणून नंबर सरकला. तेव्हा आधी प्रॉक फोल्डरमधली एमटीडी फाइल कॅट करा, कप्प्यांची नावं वाचा आणि नावावरून ठरवा. नंबरावर विसंबू नका.


रात्रपाळी

एक विचारू का मावशी? फ्लॅश करताना लाइट गेली तर? आमच्याकडे गुरुवारी ठरलेली असते.


मिनिक्स_मावशी

बोर्ड मरत नाही, निर्धास्त राहा. पहिला रॉम चिपमध्येच आहे, तो पुसला जात नाही. दोन्ही स्विच १ वर सरकवले की बोर्ड यूएआरटी मोडमध्ये जातो आणि सिरियलवर नुसता 'सी सी सी सी' असा जप सुरू करतो. तो एक्समोडेम या जुन्या सिरियल पद्धतीने फाइल मागत असतो. रिकव्हरीची फाइल पाठवली की मेनू येतो आणि त्यातून फ्लॅश परत लिहिता येतो. हळू असतं, पण होतं.

स्विच फार बारीक आहेत. बोटाने सरकत नाहीत, टूथपिक घ्या. फ्लॅशवरून सुरू करायला दोन्ही ० वर.


उंडगा_नाशिक

फ्लॅश झालं! नवं यू-बूट आलं, आणि आयएसओच्या कार्डावरून ग्रबचा मेनू सिरियलवर दिसला. इंस्टॉलर सुरू आहे, निळ्या-करड्या चौकटी टर्मिनलमध्ये. एनव्हीएमई दिसतेय. मॉनिटर अर्थातच काळा.

आता ग्रब बसवताना तो विचारतोय, काढता-घालता येणाऱ्या माध्यमाच्या ईएफआय मार्गावर ग्रब जबरदस्तीने टाकू का म्हणून. इंटेलवर मी नेहमी 'नाही' म्हणतो.


मिनिक्स_मावशी

थांबा, इथे 'हो' म्हणा!

पीसीवर इंस्टॉलर फर्मवेअरच्या एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) 'डेबियन' अशी नोंद करून ठेवतो, पुढच्या वेळी फर्मवेअर ती वाचतं. यू-बूटची ईएफआय सोय त्या मानाने मर्यादित आहे. लिनक्स चालू असताना ईएफआय व्हेरिएबल लिहायला गेलं की ते साधारणपणे नकार देतं. म्हणजे नोंद होणार नाही, रीबूट केल्यावर यू-बूटला डेबियन सापडणार नाही, आणि तुम्ही परत त्या प्रॉम्प्टवर याल. 'हो' म्हटलं की ग्रबची एक प्रत त्या ठरलेल्या बूटरिस्कव्ही६४ नावाने पडते आणि यू-बूट ती बिनबोभाट उचलतं.

रीबूटच्या आधी कार्ड काढून ठेवा, नाहीतर यू-बूट आधी कार्डच बघेल आणि इंस्टॉलर परत सुरू होईल.


उंडगा_नाशिक

एनव्हीएमईवरून डेबियन १३, कार्डाशिवाय! लॉगिन प्रॉम्प्ट आला. मावशी, दंडवत.

एसडी कार्डाच्या मानाने फरक जमीन-अस्मानाचा आहे. ही खाच पीसीआय एक्सप्रेस २.० ची एकच लेन असल्याने कागदावरची कमाल सेकंदाला ५०० एमबीच, पण पॅकेजं बसवताना एपीटी आता कण्हत नाही.

आता डेस्कटॉपचं काय करू?


रात्रपाळी

मी थोडं वेगळं मत मांडतो. मावशींचा अधिकार मान्य करूनच.

डेस्कटॉप म्हणजे समोर मॉनिटर, त्यावर खिडक्या. ते हवं असेल तर या बोर्डावर उत्पादकाचीच इमेज ठेवा. चिपमध्ये इमॅजिनेशनचा बीएक्सई-४-३२ जीपीयू आहे, त्याचा चालणारा ड्रायव्हर त्यांच्या इमेजमध्येच आहे, आणि तोही बंद बायनरी. इमॅजिनेशनने मुक्त ड्रायव्हर कर्नलात आणलाय, ६.८ पासून आहे, पण त्याची सुरुवात दुसऱ्याच जीपीयूपासून झाली. व्हिडिओ डीकोडरचंही तेच. शुद्ध डेबियन बसवून तुम्ही हार्डवेअरचा निम्मा भाग झोपवून ठेवलात. तत्त्व म्हणून ठीक, पण याला डेस्कटॉप म्हणायचं?


मिनिक्स_मावशी

मुद्दा बरोबर आहे आणि मी तो टाळणार नाही. समोर बसून वापरायचं असेल तर आजघडीला या बोर्डावर उत्पादकाची इमेज सरस. पण ५.१५ वर बसून राहण्याची किंमतही मोजा. सुरक्षेचे पॅच उत्पादकाला सवड मिळेल तेव्हा, आणि चिपची पुढची पिढी आली की सवड आटत जाते. एआरएमच्या स्वस्त बोर्डांचं हेच झालेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय.

माझा सल्ला उंडगांनी काय करायचंय त्यावर अवलंबून आहे. कोड बिल्ड करणं, पॅकेजं तपासणं, घरचा छोटा सर्व्हर, असलं असेल तर डेबियन १३ आणि दुरून वापर. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आणि एक्सआरडीपी बसवा, लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉप उघडा. चित्र सॉफ्टवेअरने रंगवलं जातं, पण एक्सएफसीई त्यावर तग धरतं. नोम या जड डेस्कटॉपच्या वाटेला जाऊ नका.


म्युनिककर_मीरा

तिसरी वाट: पीसीआयची मोठी खाच असलेला बोर्ड आणि त्यात एएमडीचं ग्राफिक्स कार्ड. एएमडीचा ड्रायव्हर मुक्त आणि मेनलाइनमध्ये, त्यामुळे चिपमधल्या जीपीयूची मिनतवारी करावी लागत नाही. सायफाइव्ह कंपनीच्या अनमॅच्ड बोर्डावर लोक पहिल्यापासून हेच करत आले. तो २०२१ चा बोर्ड, मिनी-आयटीएक्स, १६ जीबी रॅम. बहुतेकांना डेस्कटॉप हवा म्हटल्यावर जे डोळ्यासमोर येतं तेच.

कार्ड घेताना दोन गोष्टी बघा. एएमडीच्या नव्या कार्डांच्या डिस्प्लेच्या कोडला कर्नलच्या आत फ्लोटिंग पॉइंट गणित लागतं. रिस्क-फाइव्हसाठी ती सोय कर्नल ६.१० मध्ये आली. त्याहून जुनं कर्नल असेल तर पोलारिस पिढीचं, म्हणजे आरएक्स ५७०-५८० वगैरे, जुनं कार्ड बरं. दुसरं, कार्डाची फर्मवेअर फाइल इनिट-रॅमडिस्कमध्ये (कर्नलसोबत आधी रॅममध्ये येणाऱ्या फाइलींत) गेली आहे ना ते तपासा, नाहीतर सगळं बरोबर असून पडदा काळा. आणि कार्डावरचा बायॉस इंटेलच्या भाषेत लिहिलेला असतो, तो चालवायची सोय यू-बूटमध्ये नसेल तर कर्नलचा ड्रायव्हर लागेपर्यंत चित्र येणार नाही. म्हणजे सिरियल केबल इथेही सुटत नाही.

माझ्याकडे सायफाइव्हचाच हायफाइव्ह प्रीमियर पी५५० बोर्ड आहे. त्यावर उबुंटू २४.०४ आधीच बसवून येतं, मला 'इंस्टॉल' असं काही करावंच लागलं नाही. पी५५० कोर आउट-ऑफ-ऑर्डर आहेत, म्हणजे सूचना सोयीने पुढेमागे करून चालवतात, यू७४ इन-ऑर्डर. ब्राउझरमध्ये हा फरक हाताला जाणवतो. कर्नल मात्र इथेही उत्पादकाचंच, ६.६. रात्रपाळी आणि मावशींचा वाद माझ्या टेबलावरही चालूच आहे म्हणा ना.


शून्यमंडळ

बंगळुरूहून लिहितोय, चिप व्हेरिफिकेशनमध्ये काम करतो. नवीन बोर्ड घेणाऱ्यांनी एक शब्द लक्षात ठेवा: आरव्हीए२३.

रिस्क-फाइव्ह २०१० मध्ये बर्कलीला सुरू झालं ते लेगोसारखं सुटं. मूळ सूचना थोड्या, बाकी सगळी एक्स्टेन्शनं. चिप बनवणाऱ्याला ते सोयीचं, डिस्ट्रो बनवणाऱ्याला डोकेदुखी. कुठल्या चिपमध्ये काय असेल याची हमी नाही, म्हणून डिस्ट्रो सगळीकडे असतील अशा किमान सूचनांवर बिल्ड करतात आणि नव्या चिपमधलं व्हेक्टर युनिट (एका फटक्यात अनेक आकड्यांवर काम करणारं) बसून राहतं. यावर उपाय म्हणून प्रोफाइलं, म्हणजे सक्तीच्या एक्स्टेन्शनांच्या ठरलेल्या याद्या, आली. आरव्हीए२३ ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालं आणि त्यात व्हेक्टर आणि हायपरव्हायझर सक्तीचे आहेत.

आता गंमत बघा. उबुंटूने २५.१० पासून आरव्हीए२३ ही किमान अट केली. व्हिजनफाइव्ह २, अनमॅच्ड, पी५५०, सगळे बाहेर. मिल्क-व्ही ज्युपिटरमध्ये स्पेसमिटची आठ कोरांची चिप आहे, व्हेक्टर १.० आहे, पण ती आरव्हीए२२ ची, म्हणून तीही बाहेर. ते रिलीज आलं तेव्हा दुकानात मिळणाऱ्या कुठल्याच बोर्डावर ते चालत नव्हतं, क्यूईएमयू या एम्युलेटरवर चालत होतं! जुन्या बोर्डवाल्यांनी २४.०४ वर राहायचं, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

मला हा निर्णय पटतो. कधीतरी रेघ ओढावीच लागते. पण 'लेटेस्ट उबुंटू उतरवा आणि बसवा' असा सल्ला देणाऱ्यांना हे सांगायला हवं. बोर्ड सुरूच होत नाही आणि चूक कुठे तेही दिसत नाही.

डेबियनची किमान अट अजून आरव्ही६४जीसी, म्हणजे व्हेक्टरविना ६४ बिट संच, आहे. उंडगांची निवड त्या दृष्टीने योग्य.


लोकल_स्लो

बोर्ड न घेता हे सगळं बघायची काही सोय? खिसा हलका आहे.


शून्यमंडळ

क्यूईएमयू. कुठल्याही लिनक्स लॅपटॉपवर रिस्क-फाइव्हचं क्यूईएमयू बसवा, सोबत ओपनएसबीआय आणि यू-बूट-क्यूईएमयू ही पॅकेजं. मशीनचा प्रकार 'व्हर्ट', २ जीबी रॅम, व्हर्टिओ डिस्क, आणि डेबियनची तीच नेटइन्स्ट आयएसओ. तोच ओपनएसबीआयचा बॅनर, तोच यू-बूट, तोच ग्रब. प्रत्येक सूचना भाषांतरित होत असल्याने रेंगाळतं, पण पूर्ण इंस्टॉल एकदा तिथे करून पाहिलं की खऱ्या बोर्डावर गोंधळायला होत नाही. बोर्ड विकत घ्यायच्या आधी प्रत्येकाने हे करावं असं माझं मत आहे.


तर्रीबाज

आता गंभीरपणे विचारतो. आपल्या सी-डॅकने रिस्क-फाइव्ह चिप केली असं वाचलं होतं. ती घेऊन डेस्कटॉप का नाही? पुण्यातली संस्था आहे, आपलं काही कर्तव्य?


शून्यमंडळ

सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात, पण वेगा प्रोसेसरचं काम तिरुवनंतपुरम केंद्राचं. बाजारात मिळणाऱ्या एरीज बोर्डांवर तेजस३२ चिप आहे. ती ३२ बिटांची, १०० मेगाहर्ट्झची, २५६ केबी रॅमची. मायक्रोकंट्रोलर आहे, अर्डुइनोच्या जागी वापरायचा. लिनक्सचं कर्नलच त्यात मावणार नाही, डेस्कटॉपचं नाव काढू नका. लिनक्सला व्हर्च्युअल मेमरीसाठी एमएमयू लागतो, म्हणजे वरच्या वर्गातली चिप. आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रकल्पाच्या सी-क्लास कोरवर लिनक्स चालतं. सी-डॅकने डिसेंबर २०२५ मध्ये ध्रुव६४ जाहीर केला, ६४ बिट, दोन कोर, १ गिगाहर्ट्झ. केंद्र सरकारचा डीआयआर-व्ही कार्यक्रम २०२२ पासून या सगळ्यामागे आहे. पण दुकानात जाऊन घ्यावा असा मदरबोर्ड, ही वेगळी पायरी आहे.


उंडगा_नाशिक

वाचून ज्ञानात भर पडली. माझा अहवाल देतो, पुढच्यांना उपयोगी पडेल.

मावशींच्या सल्ल्याने एक्सएफसीई आणि एक्सआरडीपी. लॅपटॉपवरून छान चालतं. मराठीला काही त्रास नाही. फॉन्ट्स-देवा पॅकेज, आयबस आणि एम१७एन टाकलं, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही आले. हा प्रतिसाद त्याच यंत्रावरच्या फायरफॉक्समधून लिहितोय. जोडाक्षरं, रफार, सगळं जागच्या जागी. लिब्रेऑफिस उघडायला वेळ घेतं, उघडल्यावर ठीक. वेग रास्पबेरी पाय ४ पेक्षा कमीच आहे, त्याबाबत भ्रमात राहू नये.

काय नाही ते: गूगलचं क्रोम या आर्किटेक्चरवर नाही. वाइडवाइन (व्हिडिओचं कॉपी-संरक्षण) नाही, त्यामुळे नेटफ्लिक्स वगैरे बंद. व्हीएस कोडचं अधिकृत पॅकेज नाही, मी ईमॅक्सवाला असल्याने बिघडलं नाही. ओपनजेडीके मात्र मस्त, जेडीके १९ पासून रिस्क-फाइव्हचा पोर्ट मूळ प्रकल्पातच आहे.

पायथॉनने रडवलं. पिपने नमपाय मागितलं तर कंपाइल करत बसला, जेवून आलो तरी चालूच होता.


मिनिक्स_मावशी

पिपकडे रिस्क-फाइव्हसाठी तयार व्हील (आधीच बिल्ड केलेली पॅकेजं) फार थोडी आहेत. पायपीआयने, म्हणजे पिपच्या भांडाराने, ती घ्यायला सुरुवातच २०२५ मध्ये केली. नसेल तर पिप सोर्स ओढून आणतो आणि सी-फोर्ट्रानसकट सगळं घरीच शिजवतो. तुम्ही एपीटीने पायथॉन३-नमपाय घ्या, डेबियनने ते बिल्ड करून ठेवलंय. सायपाय, पांडाज, पिलो, सगळं तसंच. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट हवंच असेल तर बनवताना 'सिस्टिम-साइट-पॅकेजेस' चा पर्याय द्या, म्हणजे एपीटीची पॅकेजं आत दिसतात आणि पिपला फक्त शुद्ध पायथॉनची किरकोळ कामं उरतात.


उंडगा_नाशिक

झालं, दोन मिनिटांत. आता शेवटचं. डॉकर बसवलं, एपीटीतलंच. काही इमेज चालतात, काही 'एक्झेक फॉरमॅट एरर' म्हणून पडतात. एक तर कालपर्यंत उत्पादकाच्या इमेजवर चालत होती असं वाटतंय.


मिनिक्स_मावशी

त्या इंटेल किंवा एआरएमच्या इमेज आहेत. कालचं 'चालत होती' असेल तर तिथे बहुधा क्यूईएमयू-यूझर आणि बिनएफएमटी बसवलेलं होतं, ते परक्या बायनरी गुपचूप भाषांतरित करून चालवतं. इथेही बसवता येईल, पण या वेगावर ते नको.

ओढण्याआधी 'डॉकर मॅनिफेस्ट इन्स्पेक्ट' करून यादीत रिस्कव्ही६४ आहे का बघा. डेबियन, उबुंटू, अल्पाइन यांच्या मूळ इमेजमध्ये आहे. तुम्हाला हवी ती नसेल तर तिची डॉकरफाइल घ्या, 'फ्रॉम' ची ओळ डेबियन ट्रिक्सीवर (म्हणजे १३ वर) आणा आणि इथेच बिल्ड करा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. डॉकरफाइलमध्ये कुठे कर्ल करून तयार बायनरी खाली खेचलेली असेल तर तिथे अडेल, ती ओळ आधी शोधा. अडलात तर डॉकरफाइल इथे टाका, बघू.